नांगराचा दोर

आमच्याकडे बोट नाही. माझा नवरा मल्हार याला पोहताही येत नाही. इथे नेदरलँड्समध्ये, अ‍ॅमस्टलवीनला, कालव्याच्या कडेने सायकल चालवायची वेळ आली की तो पाण्यापासून लांबची बाजू धरतो. असं असताना जानेवारीतल्या एका सकाळी आमच्या दोघांच्या खात्यातून बोटींचं सामान विकणाऱ्या एका दुकानाला पैसे गेलेले मला दिसले. मनात पाल चुकचुकली.

पाल चुकचुकणं हा तसा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडास भागातल्या एका बँकेत मी संशयास्पद व्यवहार तपासते. कोणाच्या खात्यात अचानक मोठी रक्कम आली की त्या माणसाला मी नम्रपणे विचारते, हे कुठून आलं? तो म्हणतो, मावशीने भेट दिली. मी विचारते, कुठली मावशी, ती काय करते, याआधी कधी भेट दिली होती का? खरं बोलणारी माणसं मध्येच अडखळतात, चिडतात, तारखा विसरतात. खोटं बोलणाऱ्यांची गोष्ट मात्र इस्त्री केलेल्या शर्टासारखी असते. इतकी वर्षं हेच ऐकून ऐकून मला आता दूधवाल्याने दिलेलं सुट्टं नाणंही उलटसुलट करून पाहायची सवय लागली आहे, असं मल्हार म्हणतो. इथे दूधवाला येत नाही, पण त्याचा मुद्दा मला कळतो.

तेव्हा इथे कोरोनाच्या दुसऱ्या लाटेची टाळेबंदी चालू होती. दुकानं बंद, शाळा बंद. मी बेडरूमचं दार लावून दिवसभर कॉलवर असायचे. मल्हारची रॉटरडॅमची कंपनी कंटेनरांच्या वाहतुकीचं सॉफ्टवेअर करते. तिथलं काम निम्म्यावर आलं होतं, म्हणून आमच्या नऊ वर्षांच्या स्वानंदीची घरची शाळा त्याच्याकडे होती. ते दोघं वरच्या माळ्यावर बसायचे. इथे त्याला झोल्डर म्हणतात. उतरतं छप्पर, मधोमध जाड तुळई, एक टेबल आणि आमच्या रिकाम्या सुटकेस. दुपारी चारला नाशिकहून माझ्या आईचा व्हिडिओ कॉल यायचा. आजी नातीला मराठी शिकवते, असं मला सांगण्यात आलं होतं.

"बोटीच्या दुकानातून काय मागवलंस?" मी चहा घेताना विचारलं.

"दोर आणला. सायकलींना," मल्हार म्हणाला. "मागच्या वादळात पडल्या नव्हत्या का सगळ्या? आता नीट बांधून ठेवू."

वादळ, सायकली, दोर. एकदम इस्त्रीची घडी.

दुपारी मी मागच्या शेडमध्ये जाऊन आले. सायकली मोकळ्याच होत्या. दोर नव्हता, फक्त कचऱ्याच्या पिशवीत त्याचं वेष्टन होतं. त्यावर बोटीचं चित्र आणि खाली लिहिलेलं: नांगराचा दोर, शंभर टक्के नायलॉन. मी आत येऊन नेटवर वाचलं. नांगराला नायलॉनच का, तर तो ताणतो. लाटेने बोट खेचली की तो लांबतो, हिसका पोटात घेतो आणि पुन्हा आखडतो. पाण्यात कुजत नाही, घासला तरी लवकर झिजत नाही. म्हणजे जिथे जोराचा हिसका बसणार असेल तिथे हा दोर घेतात. सायकली बांधायला ताणणारा दोर घेणारा माणूस एक तर मूर्ख असतो किंवा खोटं बोलत असतो. माझा नवरा मूर्ख नाही, असं तेव्हा माझं मत होतं.

मी काही बोलले नाही. आमच्या कामातला पहिला नियमच तो आहे, आपल्याला संशय आलाय हे समोरच्याला कळू द्यायचं नाही. कळलं की तो सावध होतो.

दुसऱ्या दिवशी ते दोघं बागेत चक्कर मारायला गेल्यावर मी माळ्यावर गेले. तुळईला एक लोखंडी कडी बसवलेली होती. नवी, चकचकीत. खाली फरशीवर लाकडाचा भुसा झाडून घेतल्याच्या खुणा होत्या.

मल्हारचं कॉन्ट्रॅक्ट वाढेल की नाही याची खात्री नव्हती, भारतातून रोज कोणाच्या ना कोणाच्या जाण्याची बातमी येत होती, आणि तो महिनाभर गप्प गप्प असायचा. दडवलेला दोर आणि तुळईला कडी. त्या दिवशी मी तीन मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून बसले होते आणि एकाही वाक्याचा अर्थ मला लागला नाही. संध्याकाळी मल्हार शिटी वाजवत पोह्यांना फोडणी घालत होता. मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. जीव द्यायला निघालेला माणूस पोह्यांवर दाण्यांचा हिशेब करून लिंबू पिळत नाही, असं मी स्वतःला समजावलं. समजूत पटली. मग स्वानंदी हात धुवायला उभी राहिली, तिची बाही वर सरकली, आणि मला तो वळ दिसला.

कोपराच्या वर, बोटभर रुंदीचा, लाल.

"हे काय गं?"

"नथिंग. पडले," ती म्हणाली.

"कुठे?"

"जिन्यात," स्वानंदी म्हणाली. त्याच क्षणी मल्हार ओट्याजवळून म्हणाला, "सायकलवरून."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी दोघांकडे पाहिलं. मग सगळे पोहे खायला बसलो.

त्यानंतर मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागले. स्वानंदी घरात हीटर चालू असतानाही पायात जाड मोजे घालून वावरत होती. आंघोळीला मी हाक मारली की दाराला आतून कडी लावायची. औषधांच्या खणात भाजल्यावर लावायच्या मलमाची नळी अर्धी झाली होती, आणि आमच्या घरात कोणालाही भाजलेलं नव्हतं. मी खोलीत शिरले की आजीशी चाललेलं बोलणं एकदम पाढ्यांवर यायचं. पाणी कुठेतरी मुरत होतं.

एका दुपारी माझी मीटिंग लवकर संपली. मी अनवाणी जिना चढून माळ्याच्या दाराशी उभी राहिले. आतून मल्हारचा आवाज आला. "अजून एकदाच. हात सोडायचा नाही. शाब्बास." मग स्वानंदीचा आवाज, कळवळलेला. "आऊ! बाबा, इट बर्न्स!" आणि मग पुन्हा मल्हार, हळू आवाजात. "झालं, झालं. आईला सांगायचं नाही हं."

मी दारावर दोन्ही हातांनी मारलं. दार उघडायला वेळ लागला. उघडलं तेव्हा स्वानंदी टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. गाल लाल, डोळे ओले. तुळईची कडी रिकामी.

"अपूर्णांक जड जातात तिला," मल्हार म्हणाला.

मला खरं काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, हा माझ्या मुलीला बांधून ठेवतो. ती अभ्यासाला जागेवर बसत नाही, हा वैतागतो, आणि तो तिला बांधतो. मल्हारने आजवर कोणावर हात उगारलेला नाही. झुरळसुद्धा तो कागदावर घेऊन बाहेर सोडतो. पण माझ्या फायलींमधली माणसंही अशीच असतात, शेजाऱ्यांच्या झाडांना पाणी घालणारी. मी त्याच संध्याकाळी माझा लॅपटॉप, खुर्ची आणि हेडफोन उचलून माळ्यावर नेले.

"इथे नेटवर्क चांगलं येतं," मी म्हणाले.

"बरं," मल्हार म्हणाला, आणि त्याने स्वानंदीकडे असं पाहिलं की मला तिथेच ओरडावंसं वाटलं.

दिवसा मी तिथेच बसू लागले. बाहेर पडायचे ती फक्त शनिवारी सामान आणायला. चार वाजता नाशिकचा फोन यायचा, आजी मला पाहून चपापायची आणि खरोखरच मराठी शिकवायला लागायची.

फेब्रुवारीत प्राथमिक शाळा उघडल्या. त्याच आठवड्यात शाळेतून फोन आला. मुलांच्या अडचणी पाहणाऱ्या मेव्राउ बाकर, म्हणजे बाकरबाई, बोलत होत्या. व्यायामाच्या तासाला कपडे बदलताना वर्गशिक्षिकेला स्वानंदीच्या दंडावर आणि नडगीवर खुणा दिसल्या होत्या. दोरीने होतात तशा. विचारल्यावर मुलगी म्हणाली, जिन्यात पडले. "अशा वेळी आम्ही आधी पालकांशी बोलतो," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्यानंतर ठरवतो, पुढे कळवायचं की नाही. सोमवारी दोघंही कॉलवर या." पुढे म्हणजे कुठे, हे मला विचारायची गरज नव्हती. मुलांच्या सुरक्षिततेचं पाहणारे सरकारी लोक घरी येतात, आणि त्यांना खात्री पटली नाही तर मूल काही दिवस दुसरीकडे राहतं. मल्हारला मी हे सांगितलं तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं. ते मी नोंदवून ठेवलं.

मधला शनिवार होता. त्या आठवड्यात अशी थंडी पडली होती की कालवे गोठले होते. कितीतरी वर्षांनी इतका जाड बर्फ धरला म्हणे, आणि अख्खं गाव मास्क, लॉकडाऊन सगळं विसरून त्यावर उतरलं होतं. आजोबा, कुत्री, ढकलायच्या खुर्च्या धरून शिकणारी पोरं. स्वानंदी पाच वर्षांची असल्यापासून याच दिवसाची वाट बघत होती. शेजारच्यांनी त्यांच्या मुलीचे स्केट्स दिले होते. ते हातात धरून ती काठावर उभी राहिली आणि म्हणाली, "नको."

"नको काय? घाल."

"आय डोन्ट वॉन्ट."

मी तिला काठावरच्या बाकावर बसवलं, तिचा पाय मांडीवर घेतला आणि स्केटचा बूट चढवला. ती अशी किंचाळली की बर्फावरचे दोन आजोबा थांबले. मी बूट काढला, मोजा काढला, आतला मोजाही काढला.

पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या बेचक्यात कातडी भाजली होती. इस्त्रीचा चटका बसावा तशी, चकाकणारी, कडेला फोड येऊन फुटलेला. तिथून एक तिरपा पट्टा पावलावरून नडगीपर्यंत गेला होता.

बांधलेल्या मुलाला बेचक्यात वळ येत नाही. दोर बेचक्यात माणूस स्वतः धरतो. आणि अंगठ्याच्या चिमटीत दोर धरून सगळं अंग त्यावर तोलायचं, असं काम मला जगात एकच माहीत आहे. माझ्या स्वतःच्या पायाला त्याच जागी अजून घट्टा आहे.

दोरीचा मल्लखांब. वरून सोडलेला एक मोकळा दोर, त्यावर चढायचं, अंगाभोवती त्याचा वेढा म्हणजे अढी घालायची आणि हात सोडून आसन करायचं. कुठे गाठ नाही, काही नाही. नाशिकला माझी आई, सुहासिनीबाई, मुलींना हे शिकवते. निम्म्या गावाला ती बाई म्हणूनच माहीत आहे, आणि व्यायामशाळेत मीही तिला बाईच म्हणायचे. सहाव्या वर्षी चढले, पंधराव्या वर्षी पडले. मनगट दुखतंय म्हटल्यावर बाई म्हणाल्या, नाटकं करू नकोस, चढ. मी चढले. संध्याकाळी डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. त्यानंतर मी दोराला हात लावला नाही आणि स्वानंदी झाली तेव्हा आईला सांगून टाकलं, हिच्या हातात दोर द्यायचा नाही. हा विषय पुन्हा घरात निघाला नाही.

"आजी शिकवते?" मी विचारलं.

स्वानंदीने मान डोलावली. नाक गळत होतं, ते तिने हातमोज्याने पुसलं. "ऑन व्हिडिओ. आजीला रागावू नको, प्लीज. बाबांनापण."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि त्या जागी असा संताप आला की मला बाकाची कड धरून बसावं लागलं. पण संतापातही एक गोष्ट खटकत होती. दोर असा भाजत नाही. सुती दोराने कातडी सोलवटते, मग तिथे घट्टा धरतो. हा चटका होता.

मी तिला पाठीवर घेऊन घरी आणलं.

मल्हारने मोठ्या सुटकेसमधून दोर काढून समोर ठेवला. पांढराशुभ्र, अंगठ्याएवढा जाड, नक्षीदार विणीचा. लांबून पाहिला असता तर मीही फसले असते. हातात घेतला आणि कळलं.

"हा कोणी निवडला?"

"मीच," तो म्हणाला. "स्वानंदी मागेच लागली होती, आणि तू नाहीच म्हणाली असतीस. आई म्हणाल्या, पांढरा आणि मऊ हवा. तिकडून पार्सल येत नव्हतं. म्हटलं, इथलाच चांगला घेऊ. त्या दुकानाच्या साइटवर सगळ्यात भक्कम हाच होता, वृंदा. तीन टन पेलतो."

"स्वानंदी किती टनांची आहे?"

मी त्याला तळहात पुढे करायला लावला, दोर मुठीत धरायला सांगितला आणि दुसरं टोक धरून झर्रकन ओढलं. तो ओरडला.

"हे फक्त हातभर," मी म्हणाले. "ती तुळईपासून खाली येते. सुती दोर घाम पितो आणि अंगाला धरून राहतो. हा घाम पीत नाही, त्यामुळे घाम आला की आणखी निसटतो. त्यात हा ताणतो. ती अढी घालून हात सोडते तेव्हा दोर तिच्या वजनाने लांबतो, ती खाली-वर झुलते, पकड घसरते. घसरली की चटका." मी स्वयंपाकघरातून काडेपेटी आणि बशी आणली आणि दोराचं टोक पेटवलं. सुताची वात जळून राख झाली असती. हे टोक आक्रसलं, वितळलं, त्याचा एक थेंब बशीत पडला आणि काळ्या मण्यासारखा कडक झाला.

मल्हार त्या मण्याकडे बघत राहिला. "आणि मी तिला शाब्बास म्हणत होतो," तो म्हणाला आणि फरशीवरच बसला.

मी नाशिकला फोन लावला. आई पडद्यावर आली, तिला माझा चेहरा आणि हातातला दोर दिसला, तेव्हा तिला सगळं कळलं.

"नायलॉन आहे हा, बाई," मी म्हणाले.

ती चष्मा काढून पडद्याच्या जवळ आली. "अगं, पांढरा दिसत होता. मला सुतीच वाटला."

"ती ओरडायची तेव्हा काय वाटलं?"

"दोर चावतो म्हणाले मी तिला. पहिल्यांदा चावतोच की. तुलासुद्धा..." ती थांबली. चष्मा पुन्हा चढवला. "वर्षभर व्यायामशाळेला कुलूप आहे, वृंदा. एक मुलगी येत नाही. ही एकच होती माझ्याकडे. मी तिला रोज म्हणत होते, दुखलं तरी सांगायचं नाही, अंगवळणी पडेल."

मला तिचा भयंकर राग आला होता आणि तिची दयाही आली होती, आणि दोन्ही एकाच वेळी बोलता येईना म्हणून मी फोन ठेवला. मग स्वानंदीच्या खोलीत गेले. ती पाय उशीवर ठेवून पडली होती.

"मला का नाही सांगितलंस? आजी म्हणाली म्हणून?"

तिने विचार केला. "सांगितलं असतं तर तू बिलीव्ह नसतं केलं. यू डोन्ट बिलीव्ह, आई. यू चेक."

सोमवारी शाळा सुटल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही दोघं शेजारी बसलो. पडद्यावर बाकरबाई, पिकलेले आखूड केस, मागे मुलांची चित्रं. मल्हारने सगळं सांगितलं. भारतातला एक पारंपरिक खेळ, दोरावर करायची आसनं, नाशिकला आजी, आजी व्हिडिओवर शिकवते, चुकून बोटीचा दोर आणला. सांगताना तो घाबरून इतका नीट सांगत होता की मलाच ते इस्त्री केलेलं वाटलं. माझ्या टेबलावर ही फाइल आली असती तर मी काय केलं असतं? परदेशातली आजी. पडताळता न येणारा खेळ. दोराची पावती बोटीच्या दुकानाची, आणि बोट नाही.

बाकरबाईंनी मान डोलावली आणि टाइप केलं. ती मान मला माहीत आहे. मी रोज तशीच डोलावते.

"आणि तुम्हाला, आई म्हणून, हे माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर गोष्टीला घडी बसली असती. आईच्या परवानगीने, आईच्या देखरेखीखाली. मल्हार टेबलाखाली माझा हात शोधत होता.

"नाही," मी म्हणाले. "मला वळ दिसले होते. मला वाटत होतं, माझा नवरा तिला बांधतो. म्हणून मी दिवसभर त्यांच्या खोलीत जाऊन बसत होते."

मल्हारचा हात थांबला. "वृंदा?" तो मराठीत म्हणाला. "मी?"

त्याच्याकडे बघण्याची माझी हिंमत झाली नाही. बाकरबाईंची बोटंही थांबली होती. मी लॅपटॉप उचलला. "माझ्याबरोबर वर चला," मी त्यांना म्हणाले, आणि त्यांना उचलूनच माळ्यावर नेलं. मल्हार मागून आला. मी दोराकडे बोट दाखवलं. त्याने तो कडीत अडकवला आणि लॅपटॉप धरून उभा राहिला.

मी मोजे काढले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली. इतक्या वर्षांनी दोर धरला, पण पायाला आठवलं. अंगठ्याच्या चिमटीत दोर आपोआप आला. दोन हात वर, पाय वर, पुन्हा दोन हात. उंची ती केवढी, पण तुळईला डोकं लागेपर्यंत मला धाप लागली. कमरेला आणि मांडीला अढी घातली, आणि अंग आडवं करून हात सोडले. बाई याला निद्रासन म्हणतात. दोर माझ्या वजनाने ताणला गेला, मी जराशी खाली गेले, पुन्हा वर आले, आणि बेचक्यातून तो सरकायला लागला. सुती असता तर धरून राहिला असता. मी दोर हाताने धरला, अढी सोडली, आणि पायाची चिमटी तशीच घट्ट ठेवून स्वतःला खाली येऊ दिलं.

डोळ्यांसमोर अंधारी आली. फरशीवर बसून मी पाऊल कॅमेऱ्यासमोर धरलं. बेचक्यात लाल चटका, पावलावरून नडगीकडे गेलेला तिरपा पट्टा.

"आऊ," बाकरबाईंच्या तोंडून निघालं. त्या पडद्याच्या अगदी जवळ आल्या होत्या. मग त्यांनी विचारलं, "हे तुम्ही मुद्दाम केलंत?"

"तुम्ही माझ्या नुसत्या शब्दावर विश्वास ठेवला नसता," मी म्हणाले. "मीही ठेवला नसता."

त्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, पुढे कळवण्याची आज गरज दिसत नाही, पण त्या उद्या एकट्या स्वानंदीशी शाळेत बोलतील, आम्हा दोघांशिवाय, आणि महिनाभर लक्ष ठेवतील. दोर घरातून जायला हवा. मी हो म्हणाले. अगदी बरोबर होतं ते.

कॉल संपला. मल्हारने लॅपटॉप मिटला, स्टूलवर चढून दोर कडीतून काढला, नीट गुंडाळला. मी त्याचं नाव घेतलं. "थांब जरा," तो म्हणाला, "आत्ता नको," आणि दोर काखेत मारून खाली गेला. शेडचं दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला. तो लगेच परत आला नाही.

स्वानंदी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती लंगडत खाली गेली आणि मलमाची नळी घेऊन आली. माझ्यासमोर मांडी घालून बसली, माझं पाऊल स्वतःच्या मांडीवर घेतलं, आणि बेचक्यात मलम लावायला लागली, फार हलक्या हाताने. कुठे लावायचं, किती लावायचं, हे तिला नीट माहीत होतं.

"खूप दुखतंय?" तिने विचारलं.

"नाही गं. एवढं काही नाही."

तिचं बोट थांबलं. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, डोळे बारीक करून, अगदी मी बघते तसं.

"खोटं," ती म्हणाली. "मीपण असंच सांगायचे. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे."

मग मात्र मला रडू आवरलं नाही. नळ नव्हता तिथे. ती माझ्या पायाशी बसून राहिली आणि मलमाचं झाकण लावता लावता म्हणाली, "हां. आता बिलीव्ह."